"नाही" कोणी म्हणायचं? वाढत्या ओपन सोर्स प्रकल्पाच्या कारभाराविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघा मित्रांनी कॉलेजात असताना देवनागरी मजकुरात शब्द शोधणारी एक लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येईल असा तयार कोड) लिहिली आणि ओपन सोर्स म्हणून खुली केली. पाच वर्षांत ती वाढली. आज बाहेरचे तीसेक जण पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवतात आणि दोन कंपन्या ती आपल्या उत्पादनात वापरतात. पण पुल रिक्वेस्ट, म्हणजे "हा पॅच घ्या" अशा विनंत्या, महिनोन्‌महिने पडून राहतात. एका कंपनीच्या इंजिनिअरला मुख्य कोडमध्ये थेट बदल करायचा अधिकार, म्हणजे कमिट अ‍ॅक्सेस हवा आहे. त्यातच शोधताना ऱ्हस्व-दीर्घ एकच धरायचं की वेगळं, यावरून तिघांपैकी दोघांचं बोलणं बंद झालंय. "कमिटी नेमू का? नेमली तर नियम कोणते लिहू?" असं तुम्ही विचारलंय.

मी या कामात आलो मराठी भाषांतरांच्या वाटेने. पुढे बरीच वर्षं पॅकेजिंग केलं आणि आता एका लहानशा टेक्स्ट लायब्ररीचा मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा, आहे. तुमच्या तिन्ही अडचणींतून मी गेलोय, म्हणून जरा लांबून सांगतो.

कमिटी आत्ताच नेमू नका. आधी गेल्या सहा महिन्यांचा हिशोब काढा: कोणत्या पॅचला कोण "नाही" म्हणालं आणि कशाच्या आधारावर म्हणालं. "हो" म्हणणारे कोण, हे कमिटच्या इतिहासात दिसतंच. "नाही" कुठेच नोंदलेलं नसतं, आणि प्रकल्पाचा खरा कारभार तिथेच चालतो. माझा अंदाज, तुमच्याकडे स्पष्ट "नाही" एखाद-दोनदाच सापडेल. बाकी सगळे पॅच नुसते पडून आहेत. पडून ठेवणं हाही नकारच आहे, फक्त त्याला कारण नाही आणि देणाऱ्याचं नाव नाही. पॅच पाठवणाऱ्याला तो पुरता कळतो. तो काही न बोलता निघून जातो.

मोठ्या प्रकल्पांनाही हे सहज जमलेलं नाही. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण तिथे जुनी पद्धत मोडली आणि नवी कशी बसवली, याचा सगळा व्यवहार उघड्यावर झाला. पायथनमध्ये शेवटचा शब्द ग्विदो व्हान रॉसम यांचा असे. ही भाषा त्यांनीच घडवली होती आणि त्यांना दिलेल्या पदाचं नावच "तहहयात दयाळू हुकूमशहा" अशा अर्थाचं होतं. पायथनमधल्या बदलांच्या क्रमांकित प्रस्तावांना पीईपी म्हणतात. २०१८ मध्ये पीईपी ५७२ आला: अभिव्यक्तीच्या आतच व्हेरिएबलला किंमत देणारी := ही खूण भाषेत घ्यायची. त्यावर रान उठलं. ग्विदो यांनी प्रस्ताव मंजूर केला आणि १२ जुलै २०१८ ला कोअर डेव्हलपरांना कळवलं की आपण बाजूला होतोय. एका प्रस्तावासाठी इतकं भांडावं लागावं आणि एवढ्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करावा, हे पुन्हा नको, असा त्याचा आशय होता. त्यांनी वारस नेमला नाही. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा, म्हणाले.

जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषेत आता मोठ्या प्रस्तावाला हो किंवा नाही म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. त्या लोकांनी घाई केली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आधी त्यांनी रस्ट, जँगो, ओपनस्टॅक, ज्युपिटर असे इतर प्रकल्प कसे चालतात याचा अभ्यास करून तो लिहून काढला. मग कारभाराचे सात वेगवेगळे मसुदे पुढे आले. एकात पुन्हा एकच प्रमुख होता, एकात तिघांचं मंडळ, एकात बाहेरच्या लोकांचं मंडळ, तर एकात मध्यवर्ती सत्ताच नको असं म्हटलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये पसंतीक्रमाने मतदान होऊन पीईपी ८०१६ हा मसुदा निवडला गेला. त्यानुसार २०१९ च्या सुरुवातीला पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल निवडून आली. ग्विदो स्वतः पहिल्या पाचांत होते. पुढच्या निवडणुकीतून मात्र त्यांनी माघार घेतली.

त्या नियमावलीतल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. कौन्सिलला अधिकार जवळजवळ अमर्याद दिलेत, पण लगेच पुढे म्हटलंय की हे अधिकार वापरायची वेळ कमीत कमी यावी असं बघा. मत घेण्यापेक्षा सहमती शोधा, आणि एकेका प्रस्तावावर निवाडा देण्यापेक्षा प्रस्ताव कसे निकालात काढायचे त्याची रीत ठरवून द्या. म्हणजे कौन्सिल हे शेवटचं अपील आहे, रोजच्या निर्णयाची जागा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे निवडणूक दर नव्या फीचर रिलीजनंतर होते, त्यामुळे कोणीही आपोआप कायमचा बसून राहत नाही. कोअर टीम दोन-तृतीयांश बहुमताने अविश्वासही दाखवू शकते. तुम्ही तिघेच असताना पाच जणांची कौन्सिल काढणं म्हणजे दोन खोल्यांच्या घराला सात कुलपं लावणं. पण मुदत आणि अपील या दोन गोष्टी तीन माणसांतही लागतात.

दुसरा प्रकल्प डेबियन, लिनक्सवर आधारलेली एक ऑपरेटिंग सिस्टिम. १६ ऑगस्ट १९९३ ला इयन मर्डॉक यांनी तो जाहीर केला. १९९७ मध्ये प्रकल्पाचा सामाजिक करार, म्हणजे लेखी वचननामा, झाला आणि १९९८ मध्ये रीतसर राज्यघटना. प्रकल्पप्रमुख दर वर्षी निवडला जातो आणि मतपत्रिकेवर "यांपैकी कोणीही नाही" हाही पर्याय असतो. पण त्या घटनेतलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं कलम निवडणुकीचं नाही. ते असं सांगतं की या घटनेमुळे कोणावरही काम करण्याचं बंधन येत नाही. नेमून दिलेलं काम एखाद्याला करायचं नसेल तर त्याने करू नये. मात्र रीतसर झालेल्या निर्णयाच्या विरोधात त्याने मुद्दाम काम करता कामा नये.

आपल्याकडे कारभार म्हटलं की डोळ्यांपुढे हाउसिंग सोसायटी येते: उपविधी, सेक्रेटरी, वार्षिक सभा. पण सोसायटीत थकबाकीदाराला नोटीस काढता येते, त्याच्यावर व्याज लावता येतं. इथे लोक स्वतःहून आलेले असतात, त्यांच्याकडून सक्तीने काहीच करून घेता येत नाही. त्यामुळे "प्रत्येक मेंटेनरने आठवड्याला पाच पॅच तपासलेच पाहिजेत" असला नियम लिहाल तर तो पहिल्याच परीक्षेच्या हंगामात मोडेल, आणि एक नियम मोडला की बाकीच्यांचंही वजन जातं. नियम लिहायचा तो अडवणुकीबद्दल. मी काम केलं नाही तरी चालेल, पण माझ्यामुळे दुसऱ्याचं काम अडता कामा नये. उदाहरणार्थ, एखाद्या विभागाच्या मेंटेनरने तीन आठवडे उत्तर दिलं नाही तर उरलेल्यांपैकी कोणीही तो पॅच तपासून घेऊ शकतो. मी आमच्याकडे हे कलम घातलं त्याला आता सहा वर्षं झाली. रागाने कोणी ते वापरल्याचं मला आठवत नाही. उलट ज्याला सवड नसते त्याच्या मनावरचं ओझं उतरतं.

आता ऱ्हस्व-दीर्घाच्या भांडणाकडे येऊ, कारण तिथेच खरं दुखतंय. तुमच्यापैकी एकाचं म्हणणं, लोक घाईत "पाणि" टाइप करतात आणि त्यांना "पाणी" सापडत नाही, तेव्हा मुळातच दोन्ही एक धरा. दुसऱ्याचं म्हणणं, "दिन" आणि "दीन" एकच धरले तर दीनांच्या कविता शोधणाऱ्यापुढे दिनदर्शिका येतील. "शिर" आणि "शीर", "सुत" आणि "सूत" यांचंही तेच. दोघांचंही बरोबर आहे, आणि म्हणूनच हा वाद कोडच्या रिव्ह्यूत मिटणार नाही. पॅचमध्ये चूक असती तर ती दाखवून प्रश्न संपला असता. इथे प्रश्न आहे तो लायब्ररी कोणासाठी आहे याचा. तो प्रश्न तुम्ही पाच वर्षांत एकमेकांना विचारलेला नाही आणि पुल रिक्वेस्टच्या खाली एकेका ओळीवरून त्याचंच भांडण चाललंय.

अशा बदलांसाठी एक साधी प्रस्तावाची फाइल ठेवा. रेपोतच, म्हणजे कोड ठेवलेल्या भांडारातच, प्रस्ताव नावाचा एक फोल्डर करा आणि प्रत्येक प्रस्तावाला एक क्रमांक द्या. त्यात अडचण काय, उपाय काय, कोणाचं चालू असलेलं काम मोडेल, आणि शेवटी कोणते पर्याय नाकारले आणि का, हे सगळं यावं. नाकारलेल्या पर्यायांचा भाग पायथनच्या पीईपीतही असतो. तो गाळू नका. दोन वर्षांनी नवा मुलगा तीच कल्पना घेऊन येतो, तेव्हा त्याला हाकलून लावण्याऐवजी ते पान दाखवता येतं. मग तो एक तर समजून घेतो किंवा परिस्थिती का बदलली ते मुद्देसूद मांडतो. दोन्हींत तुमचा फायदाच आहे.

आणि निर्णय? तिघांत दोन विरुद्ध एक असं मत घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. हरणारा माणूस म्हणजे प्रकल्पाचा तिसरा हिस्सा आहे. पायथनमध्ये एक चांगली रीत आहे: एखाद्या प्रस्तावापुरता एक निर्णय देणारा नेमता येतो. तो त्या विषयातला जाणकार असतो, पण प्रस्ताव त्याचा नसतो. तुमच्यात जो तिसरा मित्र दोघांशीही बोलतोय, त्याला या एका प्रस्तावापुरता हा अधिकार द्या आणि दोघांनी लेखी मान्य करा की तो देईल तो निर्णय पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत टिकेल. चर्चेलाही मुदत घाला. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत मतदान साधारण किमान ७२ तास खुलं ठेवतात, म्हणजे जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाला वाचायला वेळ मिळतो. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात प्रस्तावावर शेवटच्या हरकतींसाठी दहा दिवस असतात. तुमच्या लोकांना नोकऱ्या आहेत, तेव्हा मध्ये दोन रविवार येतील इतकी मुदत ठेवा.

माझं तांत्रिक मतही सांगतो. शोधासाठी शब्दांची सूची करताना मूळ शब्द जसाच्या तसा ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ एक केलेलं रूप वेगळ्या रकान्यात साठवा आणि शोधताना कोणतं वापरायचं ते वापरणाऱ्याला निवडू द्या. एकदा मूळ रूप पुसलं की परत आणता येत नाही. मग वाद उरेल तो फक्त न निवडल्यास काय व्हावं एवढाच. ती गोष्ट बदलायची तर मोठ्या आवृत्तीतच बदला, म्हणजे त्या दोन कंपन्यांच्या साठवलेल्या सूच्या एका सकाळी अचानक खोट्या पडणार नाहीत.

पडून राहिलेल्या पॅचबद्दल बोलताना माझ्याकडचाच एक प्रसंग सांगतो, कारण रिव्ह्यू म्हणजे काय हे नुसतं बोलून कळत नाही. एका विद्यार्थिनीने आमच्याकडे पहिलाच पॅच पाठवला. तक्रार अशी होती: "दऱ्या" हा शब्द शोधला की अर्ध्या फाइलींत सापडतो आणि अर्ध्यांत सापडत नाही. कारण तिने बरोबर हेरलं होतं. हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे नुक्ता असलेला ऱ, हलंत आणि मग या. दुसरी म्हणजे साधा र, हलंत, त्यानंतर न दिसणारा जोडक, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग या. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत बाइट वेगळे. तिने उपाय केला तो सरळ: सूची करण्याआधी सगळे न दिसणारे जोडक काढून टाकायचे. कोड नीटनेटका होता आणि सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, होत्या.

तो पॅच मर्ज झाला असता, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतला असता, तर सह्याद्रीतल्या दऱ्यांचा समुद्र झाला असता. दुसऱ्या तऱ्हेतला जोडक काढला की उरतो र, हलंत, या. म्हणजे रफार असलेला "र्या", आणि शब्द होतो "दर्या". तसंच "आचाऱ्यांना" म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, त्याचं होतं "आचार्यांना", म्हणजे गुरूंना. मराठी न वाचणाऱ्या कुठल्याही रिव्ह्यूअरच्या हे ध्यानात आलं नसतं.

मी तिला लिहिलं ते साधारण असं: तुमचं निदान बरोबर आहे आणि ही चूक आमच्याकडे तीन वर्षं होती. पण जोडक काढण्याआधी "र, हलंत, जोडक" या क्रमाचं "ऱ, हलंत" असं रूपांतर करावं लागेल, नाहीतर खालचे दोन शब्द बिघडतात. ते दोन शब्द टेस्टमध्ये घालून पाठवाल का? सोबत दोन्ही शब्दांचे कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधले क्रमांक, लिहून दिले. चार दिवसांनी पॅच परत आला. चार ओळींची दुरुस्ती होती आणि टेस्टमध्ये तिने स्वतः शोधलेले आणखी शब्द होते: "सुऱ्या" आणि "सूर्या", "पुऱ्या", "वाऱ्यावर". आज आमच्याकडे जोडाक्षरांचा सगळा भाग ती सांभाळते.

त्या उत्तराला मला चाळीस मिनिटं लागली. दुरुस्ती स्वतः करायला दहा लागली असती. तुमच्या तीस जणांपैकी चार जण टिकवायचे असतील तर ही जास्तीची तीस मिनिटं कुठून आणायची, हाच तुमचा खरा प्रश्न आहे. त्यासाठी एक करा. येणाऱ्या प्रत्येक पॅचला आठवड्याच्या आत काही ना काही उत्तर जाऊ द्या, निर्णय नंतर झाला तरी चालेल. "वाचला, पुढच्या महिन्याआधी जमणार नाही" हेही उत्तर आहे. आणि नकार द्यायचा तर कारणासकट द्या. अपाचेच्या नियमांत कोडच्या बदलाला एक मेंटेनरही रोखू शकतो, पण त्याला तांत्रिक कारण द्यावं लागतं. कारण नसलेला नकार तिथे ग्राह्यच धरत नाहीत. हा नियम तुम्ही जसाच्या तसा उचला. "आपल्या शैलीत बसत नाही" हे कारण होत नाही, शैली कुठे लिहिली आहे ते दाखवावं लागेल.

हजारो ओळींचा पॅच अचानक येऊन पडला तर मात्र मन घट्ट करा. तो लिहिणाऱ्याने सुट्टी घालवून लिहिलेला असतो, त्यामुळे नाही म्हणताना वाईट वाटतं. पण एकदा घेतलेला कोड तुमचा होतो. त्यातले बग तुम्ही काढायचे, पुढची दहा वर्षं तुम्ही सांभाळायचा. तोडून पाठवायला सांगा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोठं काम सुरू करण्याआधी प्रस्ताव लिहा, असं योगदानाच्या सूचनांत पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवा.

आता कमिट अ‍ॅक्सेस. इथे मी एक्सझेडची गोष्ट सांगतो, कारण आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला तिने हलवलं. एक्सझेड हे फाइली आवळण्याचं साधन आहे आणि जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याचा मेंटेनर प्रत्यक्षात एकच, तोही बिनपगारी. २०२१ च्या अखेरीपासून "जिया तान" नावाच्या खात्यावरून पॅच येऊ लागले, आणि ते चांगले होते. २०२२ मध्ये दुसऱ्या काही अनोळखी नावांनी मेंटेनरवर दबाव आणला: कामं रखडताहेत, नवा माणूस घ्या. आपली मानसिक तब्येत बरी नाही आणि हे काम छंद म्हणून, पैसे न घेता चालतं, असं त्याने उघडपणे लिहिलं होतं. हळूहळू त्या खात्याला कमिटचे आणि रिलीजचे अधिकार मिळाले. २९ मार्च २०२४ ला पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, आहे. त्यांना संशय आला तो एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकावर सुरक्षित जाण्याच्या साधनाने, लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून. दरवाजा लपवला होता टेस्टसाठी ठेवलेल्या फाइलींत, आणि तो उघडणारी बिल्ड स्क्रिप्ट (कोडमधून प्रोग्रॅम बनवणारी फाइल) फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना द्यायच्या गठ्ठ्यात, होती, रेपोत नव्हती.

यातून "कोणावर विश्वास ठेवू नका" असं शिकलात तर प्रकल्प बंदच करावा लागेल. मी शिकलो ते वेगळं. दमलेल्या माणसाकडे एकट्याकडे किल्ल्या असणं हीच खरी भेग होती, आणि त्यावर झालेली घाई हा हल्ल्याचा भाग होता. म्हणून अधिकार तुकड्या-तुकड्याने द्या. आधी इश्यू, म्हणजे आलेल्या तक्रारी, लावायचा, मग एका विभागाच्या रिव्ह्यूचा, मग त्या विभागात मर्ज करायचा, आणि रिलीज सगळ्यात शेवटी. प्रत्येक बदल दुसऱ्या कोणीतरी पाहिलेला हवा, मग लिहिणारा संस्थापक का असेना. रिलीजची फाइल माणसाच्या लॅपटॉपवर बनू नये, रेपोतून आपोआप बनावी. आणि कोणी "लवकर अधिकार द्या" म्हणून मागे लागला, तर घाई कसली ते विचारा.

तुमच्या त्या इंजिनिअरला हाच मार्ग लावा. तो कंपनीचा आहे म्हणून लवकर नाही आणि कंपनीचा आहे म्हणून उशिराही नाही. अधिकार माणसाला द्या, कंपनीच्या खुर्चीला नको. अपाचे फाउंडेशनमध्ये सगळे व्यक्ती म्हणून असतात. नोकरी बदलली तरी माणसाचं स्थान त्याच्यासोबत जातं, कंपनी त्या जागी आपला दुसरा माणूस बसवू शकत नाही. पायथनच्या कौन्सिलमध्ये पाचांपैकी एकाच मालकाचे दोनांहून अधिक असू शकत नाहीत. तुमच्याकडे मेंटेनर पाच झाले की असं कलम घाला. ते आधीच घालावं, कारण एकाच कंपनीचा तिसरा माणूस आल्यावर घातलं तर ते त्याच्यावर रोखलेलं वाटतं. शिवाय त्याच्याकडून येणाऱ्या कोडचा हक्क कोणाचा हे स्वच्छ असू द्या. लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून प्रत्येक कमिटखाली पाठवणारा आपल्या नावाची ओळ लिहितो आणि हा कोड द्यायचा मला अधिकार आहे अशी ग्वाही देतो. लहान प्रकल्पाला एवढं पुरतं. वकिलाकडून करार लिहून घ्यायची गरज नाही.

कंपनीला काही तातडीने हवं असेल तर तिने ते मागू नये, माणूस द्यावा. कंपनीच्या पगारावर आठवड्यातला एक दिवस दुसऱ्यांचे पॅच तपासणारा माणूस हा पैशापेक्षा मोठा आधार आहे.

फोर्कची, म्हणजे कोणी तोच कोड घेऊन वेगळा प्रकल्प काढण्याची, भीती बाळगू नका, पण ती शक्यता कायम ध्यानात ठेवा. नोड डॉट जेएस (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवण्याचं साधन) जॉयंट कंपनीच्या ताब्यात असताना काम थंडावलं, म्हणून डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्याच मुख्य लोकांनी आयओ डॉट जेएस हा फोर्क काढला. काम करणाऱ्यांना लवकर अधिकार द्यायचे आणि निर्णय सहमतीने घ्यायचे, अशी तिथली रीत होती. वर्षभरात दोन्ही बाजू एका फाउंडेशनखाली आल्या आणि सप्टेंबर २०१५ मधली नोडची चौथी आवृत्ती ही एकत्र झालेल्या कोडची होती. लिब्रेऑफिस मात्र ओपनऑफिसपासून २८ सप्टेंबर २०१० ला वेगळं झालं ते कायमचं. ओपनऑफिस हे नाव ओरॅकल कंपनीकडे होतं, त्यामुळे माणसं आणि कोड निघाले तरी नाव मागेच राहिलं. तुमच्या दोघा मित्रांचं खरोखर फाटलंच तर लायसन्स दोघांनाही कोड देईल. नाव कोणाचं, हे लायसन्स सांगत नाही. ते आज, बोलणं बंद असलं तरी, तिसऱ्याच्या मध्यस्थीने लिहून ठेवा.

वर्तनाच्या नियमांवर मी फार लिहीत नाही, तयार मसुदे आहेत, त्यातला एक घ्या. फक्त तक्रार कोणाकडे जायची आणि ज्याच्यावर तक्रार आहे तोच ती वाचणार नाही ना, हे आधी पाहा. रस्टच्या मॉडरेशन टीमने, म्हणजे वर्तनाच्या तक्रारी पाहणाऱ्या गटाने, नोव्हेंबर २०२१ मध्ये एकगठ्ठा राजीनामा दिला तो याच मुद्द्यावर: कोअर टीम कोणालाच उत्तरदायी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्ही तिघे संस्थापक आहात. तुमच्याविरुद्धची तक्रार ऐकायला बाहेरचा एक माणूस नेमा, ज्याला पॅचशी काही देणंघेणं नाही.

राहता राहिल्या किल्ल्या. प्रस्ताव, नियम, मुदती हे सगळं करण्याआधी एक संध्याकाळ काढून बसा आणि यादी करा: डोमेन कोणाच्या नावावर आणि कोणत्या कार्डावरून नूतनीकरण होतं, पॅकेज रजिस्ट्रीवरचे मालक कोण, रेपोचा अ‍ॅडमिन कोण, रिलीजवर सही करायची किल्ली कोणाकडे, टू-फॅक्टरचे राखीव कोड कुठे ठेवलेत. आमच्या प्रकल्पाचं डोमेन एका जुन्या सहकाऱ्याच्या कॉलेजच्या ईमेलवर नोंदलेलं होतं. तो पत्ता बंद होऊन दोन वर्षं झाली होती आणि नूतनीकरणाची सूचना त्याच पत्त्यावर जात होती. मुदत संपायला नऊ दिवस राहिले असताना ते योगायोगाने कळलं. तो मित्र परदेशात, त्याच्या बहिणीकडून त्याचा नंबर मिळवला, आणि पाचव्या दिवशी हस्तांतर झालं. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक किल्लीची किमान दोन नावं असतात, आणि दर दिवाळीत दोन्ही नावांनी लॉगिन करून पाहिलं जातं.